मुलाचे वजन आणि राज्यकर्त्यांचे माप

महिन्याच्या पहिल्या आठवड्यात राज्यातल्या कोणत्याही अंगणवाडीत गेले तर एक दृश्य ठरलेले असते. सेविका एकेका मुलाला काट्यावर ठेवते, रडणारे मूल क्षणभर स्थिर होण्याची वाट पाहते, आकडा वाचते, तो आधी वहीत लिहिते आणि मग मोबाइलवर भरते. कडेवर दुसरे मूल घेतलेली आई विचारते, "ताई, कसं हाय वो माझ्या लेकराचं?" मुलाची श्रेणी कोणती, हे मोबाइल तत्काळ सांगतो. त्या श्रेणीवरून आता कोणी काय करावयाचे, हे मात्र सांगणारे कोणी नसते. बालकांच्या वाढीवर देखरेख ठेवण्याचा आपल्याकडील सारा प्रश्न या आईच्या विचारण्यात सामावलेला आहे.

एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत प्रयोगादाखल सुरू झाली. २०२५ च्या ऑक्टोबरात तिला पन्नास वर्षे पूर्ण झाली. आज देशभरात सुमारे चौदा लक्ष अंगणवाड्या आहेत आणि त्यांपैकी एक लक्षाहून अधिक महाराष्ट्रात आहेत. हा विस्तार कोणा सत्ताधाऱ्याच्या औदार्याने झालेला नाही. अन्नाच्या हक्कासाठी लढणाऱ्यांनी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. २००१ साली न्यायालयाने ही योजना सर्व वस्त्यांपर्यंत नेण्याचा आदेश दिला. तो पाळला जात नाही हे पाहून डिसेंबर २००६ मध्ये चौदा लक्ष केंद्रांचा आकडाच बजावून सांगितला. जे मिळाले ते झगडून मिळाले आहे, हे आपल्या कार्यकर्त्यांनी विसरता कामा नये.

'अंगणवाडी' ही कल्पनासुद्धा मंत्रालयातून आलेली नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण मुलांसाठी काम सुरू केले. वाड्या-पाड्यांवरची मुले शाळेपर्यंत येत नाहीत, तेव्हा शाळेनेच मुलांच्या अंगणात गेले पाहिजे, असे त्यांनी ठरविले. पुढे अनुताई वाघ यांच्यासह कोसबाडच्या टेकडीवर पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र गुंफणारी विकासवाडी उभी राहिली. ताराबाई मॉन्टेसरीच्या मार्गाने आलेल्या. त्या पद्धतीत शिक्षिकेचे पहिले कर्तव्य शिकविणे हे नसून निरीक्षण करणे हे असते. मूल काय उचलते, कशाला घाबरते, कोणत्या खेळात रमते, हे पाहावयाचे आणि त्यानुसार आपण पुढचे पाऊल टाकावयाचे. पाहणारी व्यक्ती आणि पुढे कृती करणारी व्यक्ती एकच असल्याने त्या निरीक्षणाला अर्थ होता.

आलेख कशासाठी होता?

वाढीच्या आलेखाचा जन्मही असाच एका खेड्यात झाला. डेव्हिड मॉर्ले या डॉक्टरांनी पश्चिम नायजेरियातील इमेसी-इले या गावी काम करताना 'आरोग्याची वाट' दाखविणारे कार्ड तयार केले. त्यांचे म्हणणे असे की, एका दिवसाचे वजन फारसे काही सांगत नाही. रेषेची दिशा सांगते. गेल्या महिन्यापर्यंत चढणारी रेषा या महिन्यात आडवी झाली, तर मूल डोळ्यांना ठणठणीत दिसत असले तरी काहीतरी बिघडले आहे असे समजावे. अंगावरचे दूध कमी पडत असेल, जुलाब होऊन गेले असतील किंवा आईला कामाला जावे लागत असेल. आजार उघड होण्यापूर्वी मिळणारी ही सूचना आहे, आणि ती ज्याच्या उपयोगाची त्याच्याच हाती असली पाहिजे. म्हणून मॉर्ले यांनी ते कार्ड दवाखान्यात न ठेवता आईच्या स्वाधीन केले.

आपल्याकडेही माता-बाल संरक्षण कार्ड आईच्या हाती दिले जाते. परंतु त्यातील लसीकरणाचे पान भरलेले आणि वाढीच्या आलेखाचे पान कोरे, असे किती घरांत दिसते हे कार्यकर्त्यांनी स्वतः पाहावे. आकडा घेतला जातो तो वर पाठविण्यासाठी. गावाकडून गटाकडे, गटाकडून जिल्ह्याकडे, तेथून मुंबईला आणि दिल्लीला तो जातो. आईकडे परत येत नाही.

ज्या मापाने ही मुले मोजली जातात त्याविषयीही बोलले पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९७ ते २००३ या काळात ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांत मुलांच्या वाढीचा अभ्यास केला. भारतातील मुले दक्षिण दिल्लीतील होती. स्तनपान मिळालेली, पोटभर अन्न, स्वच्छ पाणी आणि वेळेवर औषधपाणी मिळणारी मुले निवडली गेली. निष्कर्ष असा निघाला की, अशा परिस्थितीत पहिल्या पाच वर्षांत दिल्लीचे मूल आणि ऑस्लोचे मूल जवळपास सारखेच वाढते. या अभ्यासावरून २००६ साली नवे मापदंड प्रसिद्ध झाले आणि भारतानेही ते स्वीकारले. 'आमची माणसे जात्याच लहान चणीची' या सबबीतील हवा त्यामुळे गेली. एखादे मूल आईबापांवर जाते हे खरे, पण तालुक्याच्या तालुक्यातील मुले खुजी राहतात ती रक्तामुळे नव्हे, आईबापांच्या मजुरीमुळे. आजही काही विद्वान भारतासाठी निराळा, थोडा खाली आणलेला मापदंड मागत असतात. माप खाली आणले म्हणजे मुले उंच दिसतील यात शंका नाही. त्यांच्या ताटात मात्र त्यामुळे काही पडणार नाही.

दोन आकडे

आता सरकारचे आकडे पाहू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९–२१) महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी, ३६.१ टक्के कमी वजनाची, आणि २५.६ टक्के उंचीच्या मानाने वाळलेली होती. एकूण मुलांपैकी १०.९ टक्के तीव्र वाळलेल्या गटातली. आधीच्या फेरीत हा आकडा ९.४ होता. उद्योगांत आणि राज्याच्या उत्पन्नात पुढे असल्याचा टेंभा मिरविणाऱ्या राज्याची ही अवस्था आहे.

देशाचा विचार केला तर त्या पाहणीत खुजी मुले ३५.५ टक्के आणि वाळलेली १९.३ टक्के होती. आता केंद्र सरकारचा पोषण ट्रॅकर पाहा. २०२५ च्या मध्यास त्यावर खुजी मुले सुमारे ३७ टक्के होती. परंतु वाळलेली मुले केवळ साडेपाच टक्क्यांच्या आसपास. या दोन मोजण्या एकाच काळातल्या नाहीत आणि एकाच मुलांच्या नाहीत. ट्रॅकरवर फक्त अंगणवाडीत नोंदलेली व मोजलेली मुले येतात. एवढे मान्य करूनही प्रश्न उरतोच. उंचीच्या बाबतीत दोन्ही मोजण्या बहुतांशी जुळतात, आणि ज्या मापावरून मुलाला तातडीने उपचार द्यावे लागतात, विधानसभेत प्रश्न येतो, अधिकाऱ्याला जाब द्यावा लागतो, नेमक्या त्याच मापात तिपटीहून अधिक फरक का पडतो?

याचे उत्तर सेविकेला दोष देऊन मिळणार नाही. दोन वर्षांखालील मुलाची लांबी निजवून मोजावी लागते. एकीने डोके फळीला टेकवून धरावयाचे, दुसरीने गुडघे सरळ करून पायाकडची फळी सरकवावयाची. म्हणजे दोन माणसे हवीत, आणि मदतनिसाची जागा रिकामी असेल तर एकटीने अंदाजच करावयाचा. सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरच्या चुकीने श्रेणी बदलते. त्यातच लाल श्रेणीतली मुले वाढली की वरून विचारणा होते ती 'त्या मुलांसाठी काय हवे?' अशी नसते. 'तुझ्याच केंद्रात एवढी कशी?' अशी असते. ज्या व्यवस्थेत खरे सांगणारी दोषी ठरते, तिला खरे आकडे मिळावयाचे नाहीत.

या लपवालपवीची किंमत आपण पूर्वी मोजलेली आहे. १९९२–९३ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे बालमृत्यूंचे सत्र झाले तेव्हा आणि त्यानंतर मेळघाटात, सरकारी कागद आणि गावातली स्मशाने यांचा मेळ बसत नव्हता. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या 'कोवळी पानगळ' या अहवालाने हीच गोष्ट राज्यापुढे मांडली: बालमृत्यूंची नोंदच अपुरी आहे, आणि जे मृत्यू नोंदले जात नाहीत ते टाळण्याची गरजही कोणाला वाटत नाही.

पाहणे आणि करणे

काटे, पट्ट्या आणि मोबाइल वाढवून मुले वाढतील असा एक समज सध्या पसरविला जातो. तो किती फोल आहे हे आपल्याच देशातील एका अभ्यासाने तीस वर्षांपूर्वी दाखविले. तामिळनाडूतील बारा गावांत सारखीच आरोग्य व आहारविषयक सेवा देण्यात आली. त्यांपैकी सहा गावांत वाढीचे आलेखही काळजीपूर्वक ठेवले गेले, सहांत ठेवले गेले नाहीत. १९९३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला: दोन्हीकडच्या मुलांच्या वाढीत फरक आढळला नाही. म्हणजे मुलांना जो लाभ झाला तो सेवेमुळे झाला. आलेखाने सेवेची जागा घेतली नाही. घेऊ शकतही नव्हता.

पण निरीक्षण व्यर्थ आहे असा निष्कर्ष यावरून काढणेही चूक ठरेल. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत केलेला प्रयोग याचा पुरावा आहे. गावातल्याच अल्पशिक्षित स्त्रियांना नवजात बालकाकडे पाहावयास शिकविण्यात आले. श्वास मिनिटाला किती, दूध ओढते का, अंग गार पडले आहे का, वजन किती. मोजता न येणाऱ्या सुईणींसाठी वाळूचे घड्याळ आणि मणी यांची साधी युक्ती करण्यात आली. दोन महिन्यांखालील बाळाचे श्वास मिनिटाला साठ किंवा त्याहून अधिक भरले तर धोका, हे त्या मण्यांवरून ओळखू लागल्या. आणि केवळ ओळखून त्या थांबल्या नाहीत. जंतुसंसर्गाची लक्षणे दिसताच घरीच औषध व इंजेक्शन देण्याचे प्रशिक्षण आणि अधिकार गावातल्या आरोग्यदूत स्त्रियांना मिळाले. ३९ गावांतील या कामामुळे नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ साली जगापुढे आले. आज आशा कार्यकर्तीच्या घरभेटी ज्या कार्यक्रमानुसार होतात, त्याचे मूळ येथे आहे. पाहणारीच्या हाती करण्याचे साधन दिले की निरीक्षण जीव वाचविते. अंगणवाडी सेविकेच्या हाती आपण काय दिले? मोबाइल दिला, आणि ज्या बालकाचे वजन घसरले त्याच्यासाठी २०१७ साली ठरविलेला दर दिला. प्रतिदिन ८ रुपये, तीव्र कुपोषित असल्यास १२ रुपये. त्यानंतर तेल-डाळींचे भाव कोठे गेले हे घर चालविणाऱ्या कोणालाही विचारावे.

दुसरी गोष्ट, मूल म्हणजे केवळ वजन नव्हे. ते मान केव्हा धरते, आवाजाच्या दिशेने वळते का, आईला पाहून हसते का, बोटाने दाखविते का, शब्द केव्हा जोडते, हेही पाहावे लागते. यासाठी आपल्याकडे साधने नाहीत असे नाही. बडोद्याच्या विद्यापीठात प्रमिला फाटक यांनी आपल्याच मुलांच्या निरीक्षणावरून विकासमापनाची श्रेणी तयार केली. तिच्या आधारे १९९१ साली तिरुवनंतपुरम येथे अवघ्या सतरा बाबींचा एक तक्ता बनला, जो आरोग्य कार्यकर्ती काही मिनिटांत वापरू शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर उल्लेखिलेल्या अभ्यासानुसार निरोगी मुले ८ महिन्यांपासून ते साडेसतरा महिन्यांपर्यंत केव्हाही आधाराविना चालू लागतात. शेजारणीचे मूल दहाव्या महिन्यात चालले म्हणून आपल्या तेरा महिन्यांच्या मुलाची चिंता करण्याचे कारण नाही. पण अठरा महिने उलटूनही पाऊल पडत नसेल, तर 'आमच्यात उशिराच चालतात' म्हणून थांबणेही योग्य नाही. आईला दोन्ही गोष्टी सांगणारे कोणी हवे.

फेब्रुवारी २०१३ मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ पालघर येथूनच झाला. जन्मजात दोष, आजार, जीवनसत्त्वांची उणीव आणि विकासातील विलंब हे सारे हुडकण्यासाठी फिरती पथके अंगणवाड्यांना भेटी देतात आणि संशयित मुलाला जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवितात. योजना चांगली आहे. परंतु ऐकू न येणाऱ्या मुलाला घेऊन मोखाड्याहून जिल्ह्याच्या ठिकाणी जाणे म्हणजे दोन माणसांचा रोज बुडणे, गाडीभाडे, आणि तेथे गेल्यावर पुढची तारीख. चिठ्ठी देऊन सरकारची जबाबदारी संपते आणि आईची सुरू होते.

विकासाला खाण्याबरोबर खेळ आणि संवादही लागतो. जमैकातील किंग्स्टन येथे १९८६–८७ साली १२९ खुज्या बालकांवर एक प्रयोग सुरू झाला. आरोग्य सेविका आठवड्यातून एक तास घरी जाई, टाकाऊ वस्तूंची खेळणी नेई, आणि मुलाशी कसे खेळावे व बोलावे हे आईला दाखवी. दोन वर्षे हे चालले. वीस वर्षांनी पाहता, ज्यांच्या घरी अशी भेट होत होती त्यांची कमाई तशी भेट न मिळालेल्या मुलांपेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी अधिक होती. यासाठी महागडी यंत्रे लागली नाहीत. लागला तो वेळ. आणि मजूर आईजवळ नेमका तोच नसतो. म्हणूनच पाळणाघर, पगारी बाळंतपणाची रजा आणि किमान वेतन हेही बालविकासाचेच प्रश्न आहेत.

नोंदीबाहेरची मुले आणि नोंदणाऱ्या स्त्रिया

मराठवाड्यातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास लक्षावधी ऊसतोड मजूर बाहेर पडतात. गावच्या अंगणवाडीत नोंदलेले त्यांचे मूल पुढचे पाच-सहा महिने कारखान्याच्या परिसरातील कोपीत, उसाच्या फडात वाढते. आलेखाची रेषा नोव्हेंबरात तुटते आणि एप्रिलात पुन्हा सुरू होते. मधल्या काळातच त्या मुलाला सर्वाधिक देखरेखीची गरज असते. वीटभट्टीवर जाणाऱ्या आदिवासी कुटुंबांचीही हीच कथा. ज्यांच्या श्रमावर साखरेचे साम्राज्य उभे राहिले, त्यांच्या तान्ह्या मुलांचे वजन कोणाच्याच वहीत नाही.

आणि वही लिहिणारी? केंद्र सरकारने २०१८ साली सेविकेचे मानधन दरमहा ४,५०० रुपये ठरविले. राज्य त्यात भर घालते, पण ते वेतन नव्हे, 'मानधन' आहे. कारण कागदोपत्री ती स्वयंसेविका. तिला उपदानाचा हक्क आहे हे सांगण्यासाठी एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला निर्णय द्यावा लागला. २०२१ साली राज्यातील सेविकांनी निकृष्ट मोबाइल संच सरकारला परत केले. डिसेंबर २०२३ पासून सुमारे पन्नास दिवस त्या संपावर होत्या. या संघर्षांतून सरकारने काय धडा घेतला? १ जुलै २०२५ पासून घरपोच आहार देताना चेहऱ्याची पडताळणी सक्तीची करण्यात आली. म्हणजे ज्या गावात सेविका प्रत्येक बाईला नावाने ओळखते, तेथे तिने तिचा चेहरा यंत्राला दाखवून खात्री करून घ्यावयाची. आणि डोंगराआड नेटवर्क नसेल तर बाळंतिणीने उन्हात उभे राहावयाचे. मुलावर ठेवावयाची नजर आता आई आणि सेविका यांच्यावर ठेवली जात आहे.

आपण काय करावयाचे, हे आता स्पष्ट आहे. मागण्या आपल्या ठरलेल्या आहेत: सेविका व मदतनिसांना शासकीय कर्मचाऱ्यांचा दर्जा व वेतन, रिक्त जागांची भरती, महागाईशी निगडित आहारदर, चेहरा पडताळणीची सक्ती रद्द, आणि कारखान्यांच्या खर्चाने फडांवर अंगणवाडी व पाळणाघर. पण मोर्चा काढून परतल्यावर शाखेने करावयाचे कामही आहे. प्रत्येक शाखेतील दोन कार्यकर्त्यांनी, त्यांत एक तरी स्त्री असावी, वजनाच्या दिवशी अंगणवाडीत उपस्थित राहावे. तपासनीस म्हणून नव्हे, मदतीला. फळी धरावी, मुलांना खेळवावे. आईच्या कार्डावर तिच्यासमोर ठिपका काढला जाईल आणि रेषेचा अर्थ तिला सांगितला जाईल, हे पाहावे. मुलांची नावे न घेता गावाचे एकूण आकडे ग्रामसभेत वाचून दाखवावेत. ज्या मुलांची रेषा दोन महिने चढली नाही त्यांच्यासाठी ग्रामपंचायत, उपकेंद्र आणि प्रकल्प कार्यालय यांनी काय केले, हा प्रश्न इतिवृत्तात नोंदवून घ्यावा. आणि एखाद्या केंद्रात लाल श्रेणीची मुले अधिक निघाली, तर त्या सेविकेच्या पाठीशी उभे राहावे. कारण तिने खरे सांगितले आहे.

दंडघेराची पट्टी काही रुपयांची असते. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलाचा दंड साडेअकरा सेंटिमीटरहून कमी भरला तर ते मूल मृत्यूच्या छायेत आहे, हे ती पट्टी कोणालाही सांगते. हे ज्ञान आता गुपित राहिलेले नाही, आणि उपायही अज्ञात नाहीत. त्या आईने विचारलेला प्रश्न सेविकेपाशीच अडून राहू नये. तो ग्रामसभेत, पंचायत समितीत आणि विधिमंडळात विचारला जावा, आणि त्याचे उत्तर मिळेपर्यंत आपण विचारीत राहावे, एवढेच आमचे कार्यकर्त्यांना सांगणे आहे.